लेड झेपलिनचा शेवटचा अल्बम खरंच मवाळ होता का?

लेड झेपलिनच्या चाहत्यांना त्यांचे अल्बम आवडीच्या क्रमानं लावायला सांगितले, तर ‘इन थ्रू द आउट डोअर’ बहुतेक वेळा तळाशी जातो. ऑगस्ट १९७९ मध्ये आलेला हा त्यांचा आठवा स्टुडिओ अल्बम. चौघांनी मिळून केलेला शेवटचा. तक्रार ठरलेली असते: गिटार कमी, कीबोर्ड जास्त, एक गाणं तर चक्क प्रेमगीतासारखं, दुसरं अमेरिकन खेड्यातल्या नाचगाण्यासारखं. ज्यांनी हार्ड रॉकला आकार दिला त्यांनीच शेवटी हात आखडता घेतला, असा एकूण सूर.

मला हे पटत नाही. हा अल्बम कमजोर वाटतो, कारण आपण त्याच्याकडून आधीच्या अल्बमसारखीच अपेक्षा धरतो. बँडच्या आत काय बदललं होतं ते कळलं की गाणी वेगळी ऐकू येतात. हार्ड रॉकचं पहिलं पर्व कसं संपलं आणि पुढचं कुठल्या दिशेनं गेलं, याचाही बराचसा उलगडा याच सात गाण्यांत होतो. म्हणून हा लेख. झेपलिन कधी ऐकलेलंच नाही, अशा वाचकालाही तो कळावा असा प्रयत्न आहे.

आधी हार्ड रॉक म्हणजे काय ते बघू. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत घेतलं आणि ते मोठमोठ्या अँप्लिफायरमधून, चढ्या आवाजात, जड ठेक्यावर वाजवायला सुरुवात केली. या संगीताच्या मुळाशी असतो रिफ. रिफ म्हणजे गिटारवरचा काही सेकंदांचा सुरांचा तुकडा, जो परत परत येतो आणि ज्याच्या आधारावर अख्खं गाणं चालतं. गायकाचा मुखडा विसरला तरी रिफ डोक्यातून जात नाही. साहजिकच हार्ड रॉक बँडमध्ये गिटारवाला हाच कर्ता पुरुष. रिफ तो आणतो, बाकीचे त्याच्या मागून जातात.

लेड झेपलिनमध्ये हा माणूस होता जिमी पेज. १९६८ मध्ये लंडनमध्ये त्यानंच बँड उभा केला. तो गिटार वाजवायचा, गाणी रचायचा आणि सगळ्या अल्बमचा निर्माताही तोच, म्हणजे कुठलं वाद्य किती पुढे आणि किती मागे ऐकू येणार याचा शेवटचा शब्द त्याचा. गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बॉनम हे दोघं मध्य इंग्लंडमधले, जुने दोस्त. चौथा जॉन पॉल जोन्स. बास आणि कीबोर्ड दोन्ही वाजवणारा, बँड सुरू होण्याआधी लंडनच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी वाद्यवृंदाची मांडणी करून दिलेला, कमी बोलणारा माणूस. छायाचित्रांत तो सहसा कडेला दिसतो. या लेखात मात्र तो मध्यभागी येणार आहे.

सत्तरच्या दशकात या चौघांनी जो व्यवहार चालवला, तो त्या काळाचीच ओळख ठरला. ब्रिटनमध्ये त्यांनी त्या काळात एकही सुटं गाणं बाजारात आणलं नाही. घ्यायचा तर पूर्ण अल्बम घ्या. दूरदर्शनवर जवळजवळ कधी गेले नाहीत. त्यांचा व्यवस्थापक पीटर ग्रँट कार्यक्रमांच्या आयोजकांना सांगायचा की गल्ल्यातले नव्वद टक्के बँडचे, आणि ते मिळवायचा. अमेरिकेतल्या क्रीडासंकुलांत तीन-तीन तासांचे कार्यक्रम, एकेक गाणं वीस-पंचवीस मिनिटं चाललेलं. हे सगळं १९७५ पर्यंत बिनबोभाट चाललं होतं.

त्याला तडा गेला तो आतून.

ऑगस्ट १९७५ मध्ये ग्रीसच्या रोड्झ बेटावर प्लांटच्या मोटारीला अपघात झाला, पाय मोडला. पुढचा अल्बम ‘प्रेझेन्स’ म्युनिकमध्ये त्यानं चाकाच्या खुर्चीत बसून गायला. तो पूर्णपणे पेजचा अल्बम आहे, एकावर एक चढवलेल्या गिटारचा. मग १९७७ चा अमेरिका दौरा. २६ जुलैला, दौरा न्यू ऑर्लिन्सला पोचला असताना, प्लांटला घरून फोन आला. त्याचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक पोटाच्या संसर्गानं दगावला होता. दौरा तिथेच थांबला. त्यानंतर या चौघांनी एकत्र अमेरिकेच्या मंचावर पाऊल ठेवलं नाही.

प्लांट गाणं सोडायच्या विचारात होता. शिक्षक होण्यासाठी त्यानं एका प्रशिक्षण महाविद्यालयात अर्जही केला होता, हे त्यानं पुढे स्वतः सांगितलं आहे. त्या काळात त्याच्या घरी जाऊन त्याच्याशी बोलत बसणारा, त्याला परत यायला राजी करणारा माणूस होता बॉनम. १९७८ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या क्लिअरवेल कॅसल या जुन्या वाड्यात चौघं पुन्हा एकत्र वाजवायला बसले. काही महिन्यांनी अल्बमचं काम ठरलं.

स्टॉकहोममधले तीन आठवडे

जागा होती स्टॉकहोमचा पोलर स्टुडिओ. स्वीडनच्या आबा या पॉप गटाचा हा नवा स्टुडिओ १९७८ मध्येच सुरू झाला होता. मोठी परदेशी मंडळी इथे यावीत अशी त्यांची इच्छा होती आणि झेपलिन आले. १९७८ चा नोव्हेंबर-डिसेंबर, स्वीडनचा हिवाळा. बँड सोमवारी लंडनहून विमानानं जायचा आणि शुक्रवारी घरी परतायचा. साधारण तीन आठवड्यांत ध्वनिमुद्रण आटोपलं.

पण रोज कोण किती वाजता येतं, यातच सगळी मेख होती. पेज तेव्हा हेरॉईनच्या विळख्यात होता. बॉनमचं पिणं हाताबाहेर गेलं होतं. हे दोघं उशिरा यायचे, कधी रात्री. जोन्स आणि प्लांट वेळेवर, शुद्धीत, दिवसाउजेडी हजर. जोन्सनं नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे की तोवर बँडमध्ये दोन तट पडल्यासारखेच होते आणि वेळेवर येणाऱ्या तटात तो आणि प्लांट होते. मग हे दोघं काय करणार? जे हाताशी होतं त्यावर गाणी रचायला लागले. आणि हाताशी होता यामाहाचा जीएक्स-वन.

हे यंत्र म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण अर्ध्या अल्बमचा आवाज त्यातून आला आहे. सिंथेसायझर विजेच्या प्रवाहापासून सूर घडवतो. त्या काळातले बहुतेक सिंथेसायझर एका वेळी एकच सूर काढायचे. दोन बोटं ठेवली तरी एकच वाजायचा. जीएक्स-वनवर मात्र पूर्ण स्वरमेळ वाजवता यायचे, अनेक सूर एकदम. एकावर एक कीबोर्ड, पायाशी वेगळी पट्टी, आणि वजन तीनशे किलोंच्या आसपास. जगात फार थोडे बनले. स्टीव्ही वंडरकडे एक होता, आबाच्या बेनी अँडरसनकडे एक, आणि एक जोन्सकडे. तो वाजवणारा माणूस एकटा बसून व्हायोलिनांचा ताफा, तुताऱ्या, ऑर्गन असं काय काय उभं करू शकायचा. वाद्यवृंदाच्या मांडणीत हयात घालवलेल्या जोन्सला आणखी काय हवं होतं!

म्हणजे पूर्वी गाणं गिटारच्या रिफपासून सुरू व्हायचं आणि बाकीची वाद्यं त्याभोवती यायची. इथे गाणं कीबोर्डपाशी जन्मलं आणि गिटार नंतर आली. रचनाकारांची नावं बघितली तर हे लगेच दिसतं. बँड चालू असताना निघालेल्या झेपलिनच्या स्वतःच्या रचनांपैकी ज्यांवर पेजचं नाव नाही अशी दोनच गाणी आहेत, ‘साउथ बाउंड सॉरेझ’ आणि ‘ऑल माय लव्ह’. दोन्ही याच अल्बममध्ये. दोन्ही जोन्स आणि प्लांट यांची.

म्हणून हा अल्बम ‘कमी गिटारवाला झेपलिन’ असा ऐकू नये. जोन्स पुढे बसलेला झेपलिन असा ऐकावा. अपेक्षा तेवढी सरकवली की बरंच काही सापडतं.

गाणी

पहिलं गाणं ‘इन द ईव्हनिंग’. सुरुवातीला जवळजवळ मिनिटभर एक घोंघावणारा, पूर्वेकडच्या वळणाचा आवाज. यासाठी पेजनं गिझ्मोट्रॉन नावाचं उपकरण वापरलं. यात मोटारीवर फिरणारी छोटी चाकं गिटारच्या तारांवर घासतात, त्यामुळे सूर छेडल्यासारखा तुटत नाही, लांबत राहतो. त्या धुक्यातून प्लांटची हाक येते आणि सगळा बँड एकदम कोसळतो. अल्बम मवाळ म्हणणाऱ्यांनी हे गाणं मोठ्या आवाजात ऐकावं. मधल्या गिटारवादनाच्या सुरुवातीला लोखंडी दार धाडकन आपटल्यासारखा जो आवाज येतो, तो पेजनं स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या ट्रेमोलोच्या दांडीनं तारा सैल सोडून काढला आहे. त्याची बोटं तेव्हा पूर्वीइतकी चपळ नव्हती, हे खरं. या अल्बमवरच्या काही जागा अडखळतात. पण आवाज घडवण्याची त्याची अक्कल शाबूत होती, आणि या एका गाण्यात ती पुरेपूर दिसते.

‘साउथ बाउंड सॉरेझ’वर मी फार थांबणार नाही, न्यू ऑर्लिन्सच्या धाटणीचा उड्या मारणारा पियानो, मजेचं गाणं. ‘हॉट डॉग’ हे अमेरिकन कंट्रीचं, म्हणजे तिकडच्या खेड्यातल्या गाण्यांचं, विडंबनवजा अनुकरण. ते मंचावर रंगत असेल, अल्बमवर मला उपरं वाटतं.

या दोघांच्या मध्ये मात्र ‘फूल इन द रेन’ आहे आणि बॉनम काय चीज होता हे ज्याला कळून घ्यायचं असेल त्यानं इथूनच सुरुवात करावी. यातल्या ठेक्याला हाफ-टाइम शफल म्हणतात. तबल्याशी थोडीफार ओळख असेल तर तो समजायला सोपा आहे. चार मात्रा मोजा. प्रत्येक मात्रेचे तीन सारखे भाग पाडा. त्यातला मधला भाग गाळला किंवा निसटता वाजवला की चालीला डुलण्याची लय येते. हा झाला शफल. आता दुसरी गोष्ट. नेहमीच्या रॉक ठेक्यात स्नेअरवरचा, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवरचा, जोरकस फटका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. हाफ-टाइममध्ये तो फक्त तिसरीवर पडतो. त्यामुळे हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडमीट करता येणारी झांज, झपझप चाललेली असते आणि तरी गाणं निवांत वाटतं. जलद आणि संथ अशा दोन लयी एकाच वेळी.

यात बॉनमचं खास काम कुठे आहे? त्या मोठ्या फटक्यांच्या मधल्या जागांत. तिथे तो स्नेअरवर काठी नुसती टेकवतो, इतकी हलकी की लक्ष देऊन ऐकलं तरच जाणवावी. डग्ग्यावर मनगट सरकवत तबलजी भरीव जागा करतो, तसंच काहीसं. मध्येच हाय-हॅट किंचित उघडते, ‘श्श’ होतं, मिटते. जगातला सर्वांत दणकट हाताचा ड्रमर म्हणून ज्याची ख्याती, तो इथे कुजबुज वाजवतोय. हेडफोन लावा, बाकीची वाद्यं सोडून द्या, फक्त उजव्या हाताची झांज आणि डाव्या हाताचा स्नेअर यांच्यामागे जा. पहिल्या मिनिटात तुम्हाला कळेल की हे कुणाही ड्रमरचं काम नाही. आणि गाणं निम्म्यावर आलं की शिट्टी वाजते आणि सगळे सांबाच्या, म्हणजे ब्राझीलच्या नाचाच्या, वेगात उधळतात. १९७८ च्या अर्जेंटिनातल्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी कानावर पडलेल्या लॅटिन ठेक्यांवरून ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. त्या उधाणातून तो परत मूळ शफलमध्ये जसा उतरतो, ते ऐकताना मला दर वेळी आनंद होतो. गाण्यातली गोष्टही छान आहे. एक जण पावसात प्रेयसीची वाट पाहत उभा असतो, ती आली नाही म्हणून खचतो आणि शेवटी त्याच्या लक्षात येतं की आपण चुकीच्या कोपऱ्यावर उभे होतो. अमेरिकेत हे सुटं गाणं म्हणून आलं आणि विक्रीच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे टोटो या बँडचा ड्रमर जेफ पोर्कारो यानं ‘रोझॅना’ या गाण्याचा प्रसिद्ध ठेका बांधताना अमेरिकन ड्रमर बर्नार्ड पर्डी आणि बॉनम यांच्या शफलचा आधार घेतल्याचं स्वतः दाखवून दिलं. आजही ड्रम्स शिकणारी मुलं हा ठेका घटवत बसतात.

तबकडीची दुसरी बाजू जवळजवळ सबंध जोन्सची. ‘कॅरूसलांब्रा’ साडेदहा मिनिटांचं आहे, तीन भागांत. पहिल्यात जीएक्स-वन धावत सुटतो आणि गिटार त्याच्यामागे. दुसऱ्या, संथ भागात पेज दोन दांड्यांच्या गिटारवर येतो आणि वातावरण अंधारून जातं. तिसऱ्यात पुन्हा सिंथेसायझर, यंत्रासारखा नेमका. प्लांटचा आवाज मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जमवताना, इतका मागे ठेवला आहे की शब्द नीट कळत नाहीत, आणि ही या गाण्याची खरी उणीव. मंचावर ते कधीच वाजवलं गेलं नाही. पण १९७८ मध्ये एका हार्ड रॉक बँडनं दहा मिनिटांची रचना सिंथेसायझरवर पेलून धरली होती, ही गोष्ट त्या काळात कुणी फारशी मनावर घेतली नाही.

मग ‘ऑल माय लव्ह’. हे कॅरॅकचं गाणं. प्लांटनं आपल्या मुलासाठी लिहिलेलं. मुलाचं नाव त्यात नाही, मृत्यूचा थेट उल्लेख नाही. सूत, वस्त्र, शिवणारा हात अशा जुन्या दंतकथांतल्या प्रतिमा आहेत. झेपलिनच्या गाण्यात जिथे गिटारचा एकल तुकडा यायला हवा, तिथे जोन्स जीएक्स-वनवर एक सुरावट वाजवतो, जुन्या युरोपीय दरबारी तुतारीच्या वळणाची. पेजला या गाण्याबद्दल, विशेषतः त्याच्या ध्रुवपदाबद्दल, शंका होती आणि ती त्यानं नंतर बोलून दाखवली. त्याचं म्हणणं समजू शकतं. हे त्यानं बांधलेल्या बँडचं गाणंच नव्हे. पण ज्या माणसाचा मुलगा वर्षभरापूर्वी गेला आहे, त्यानं पुन्हा किंचाळत रिफशी झुंजावं अशी अपेक्षा कशी करायची? प्लांट इथे पहिल्यांदाच आवाजाचा पराक्रम बाजूला ठेवून गातो. मला तो पूर्ण कारकिर्दीत इतका जवळचा दुसरीकडे कुठे वाटला नाही. आणि त्याच्यामागे बॉनम आहे, साधा, सरळ, एकही जादा फटका न मारणारा. मित्राच्या दुःखात मित्रानं कसं बसावं, तसा.

अल्बम संपतो ‘आय अॅम गॉना क्रॉल’वर. सिंथेसायझरची खोटी व्हायोलिनं, जुन्या सोल संगीताची संथ चाल आणि शेवटाकडे पेजचा एक तुकडा, जो अल्बमवरच्या त्याच्या उत्तम वादनांपैकी आहे.

खाकी पिशवी

आवेष्टनाविषयी सांगितलंच पाहिजे, कारण तो काळ त्यातही दिसतो. हिप्नोसिस या मुखपृष्ठं करणाऱ्या लंडनच्या संस्थेनं न्यू ऑर्लिन्समधल्या एका जुन्या दारूच्या गुत्त्याची हुबेहूब नक्कल स्टुडिओत उभी केली. गुत्त्यात पांढऱ्या सुटातला एक माणूस बसला आहे आणि एक चिठ्ठी जाळतोय. आसपास सहा जण आहेत. त्या प्रत्येकाला तो माणूस कसा दिसतो, अशी सहा वेगवेगळी छायाचित्रं काढली आणि अल्बमची सहा वेगळी मुखपृष्ठं छापली. वर सगळ्यांना सारखीच खाकी कागदाची पिशवी. दुकानात गेलात की आपल्याला सहापैकी कुठलं मिळालं हे घरी जाऊन पिशवी फाडल्याशिवाय कळायचं नाही. आतल्या वेष्टनावरचं काळं-पांढरं चित्र ओल्या कुंचल्यानं पुसलं की त्याला रंग चढायचे. लेड झेपलिनचं नाव असलं की खाकी पिशवीत घालूनही अल्बम खपेल, असं ग्रँट म्हणायचा अशी आख्यायिका आहे.

खपलाही. अमेरिकेत दुसऱ्याच आठवड्यात पहिला क्रमांक, ब्रिटनमध्येही पहिला. १९७९ हे अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांसाठी मंदीचं वर्ष होतं. तशात या अल्बमसोबत झेपलिनचे जुने सगळे अल्बमही त्या शरद ऋतूत विक्रीच्या यादीत परत आले. समीक्षकांनी, विशेषतः ब्रिटनमधल्या, अल्बमला झोडपलं. दोन वर्षांपूर्वी पंक आलं होतं. तीन मिनिटांची संतप्त गाणी, साधी वाद्यं, आणि झेपलिनसारख्या श्रीमंत, भव्य बँडबद्दल उघड तिरस्कार. पंकनं जुन्या हार्ड रॉकला संपवलं असं वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. झेपलिनपुरतं तरी ते खरं नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैदानावर लागोपाठ दोन शनिवारी, ४ आणि ११ तारखेला, ते वाजवले तेव्हा समोर लाखाच्या घरात माणसं होती, आणि नवा अल्बम तोवर दुकानात पोचलासुद्धा नव्हता.

बँड संपला तो एका माणसाच्या जाण्यानं. १९८० च्या उन्हाळ्यात त्यांनी युरोपचा छोटा दौरा केला, शेवटचा कार्यक्रम ७ जुलैला बर्लिनमध्ये. अमेरिकेच्या दौऱ्याची तयारी सुरू होती. २४ सप्टेंबरला बॉनम दिवसभर व्होडका पीत राहिला. रात्री पेजच्या विंडसरजवळच्या घरी झोपवला, २५ ला सकाळी उठलाच नाही. वय ३२. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी निवेदन काढलं की आता पूर्वीसारखं पुढे जाता येणार नाही.

का नाही? हा प्रश्न रास्त आहे. द हू या बँडचा ड्रमर कीथ मून १९७८ मध्ये गेला, त्यांनी दुसरा घेतला. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि त्याच जुलैमध्ये नव्या गायकासह त्यांनी त्यांचा सर्वाधिक खपलेला अल्बम आणला. झेपलिनची बांधणी वेगळी होती. बहुतेक बँडमध्ये ड्रम्स आणि बास एकमेकांना धरून चालतात, गिटार वरून जाते. बॉनम मात्र पुष्कळदा पेजच्या रिफलाच धरून वाजवायचा, आणि गाणी त्या दोघांच्या ओढाताणीतून घडायची. मंचावर वीस मिनिटं गाणं लांबायचं ते याच बळावर. ज्यानं प्लांटला घरातून परत आणलं तोच आता नव्हता, हेही आहेच.

मुंबईचा धागा

अल्बममधला हा सगळा मोकळेपणा, सांबा, सोल, कंट्री, सिंथेसायझर, अचानक आला असं वाटत असेल तर १९७२ मध्ये जायला हवं. त्या ऑक्टोबरमध्ये पेज आणि प्लांट मुंबईत होते. इथल्या ईएमआयच्या स्टुडिओत त्यांनी स्थानिक वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’, पुन्हा वाजवून बघितली. वाद्यवृंदाची धुरा बासरीवादक विजय राघव राव यांच्याकडे होती. तबल्याच्या साथीनं रिफ कसा चालतो हे त्यांना बघायचं होतं. ‘फोर स्टिक्स’मधली विषम मात्रांची मोजणी मुंबईच्या वादकांनी आपल्या पद्धतीनं सोडवलेली ऐकणं मोठं रंजक आहे. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबात ते दोघं वाजवल्याची गोष्ट मुंबईतले जुने रॉक श्रोते अजून सांगतात.

ही मुंबईची ध्वनिमुद्रणं ४३ वर्षं बासनात पडून होती. २०१५ मध्ये ‘कोडा’ या संग्रहाच्या वाढीव आवृत्तीत ती अधिकृतपणे आली. योगायोग असा, की स्टॉकहोममध्ये केलेली पण अल्बममध्ये न घेतलेली तीन गाणीही याच ‘कोडा’मध्ये आहेत, १९८२ च्या मूळ आवृत्तीपासून. त्यातलं ‘वेअरिंग अँड टेअरिंग’ हे पंकला दिलेलं उत्तर आहे, भन्नाट वेगाचं. ते अल्बमवर का घेतलं नाही याची मला हळहळ वाटते. ‘हॉट डॉग’च्या जागी ते असतं तर मवाळपणाचा शिक्का इतका घट्ट बसलाच नसता.

पुढे काय झालं ते थोडक्यात. १९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला आणि अल्बमऐवजी सुटी गाणी, तीही दिसायला देखणी, महत्त्वाची ठरली. हार्ड रॉकमध्ये सिंथेसायझर सर्रास आला. १९८४ मध्ये व्हॅन हेलन या बँडचं ‘जंप’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याचा मुख्य तुकडा गिटारवर नाही, सिंथेसायझरवर आहे, आणि तो रचणारा माणूस त्या पिढीचा सर्वश्रेष्ठ गिटारवादक. जोन्सनं पाच वर्षं आधी जे केलं त्याला तेव्हा घसरण म्हटलं गेलं होतं. झेपलिन पुढे राहिले असते तर कुठे गेले असते? पेजनं सांगितलं आहे की तो आणि बॉनम दोघांनाही हा अल्बम थोडा मऊ वाटला होता आणि पुढचा अल्बम गिटारचा, दणदणीत करायचं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे तोल पुन्हा दुसऱ्या बाजूला झुकणार होता. जोन्स आणि प्लांट त्याला कितपत तयार झाले असते, मला शंका आहे.

आता ऐकायला घेणार असाल तर माझी एक सूचना. २०१५ मध्ये निघालेली सुधारित आवृत्ती घ्या. तिच्यासोबत गाण्यांचे कच्चे मिक्स आहेत आणि त्यांत कीबोर्ड आणि ड्रम्स आणखी उघडे ऐकू येतात. पहिल्यांदा दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा, ‘कॅरूसलांब्रा’पासून शेवटापर्यंत, आणि मग पहिल्या बाजूवर या. जोन्सच्या कीबोर्डची सवय झाल्यावर ‘इन द ईव्हनिंग’मधली पेजची गिटार दुप्पट मोठी वाटते. त्यानंतर लगेच ‘वेअरिंग अँड टेअरिंग’ लावा. हे चौघं त्याच तीन आठवड्यांत, त्याच स्टुडिओत, हेही वाजवत होते.